पाळीव जनावरांतील आदिजीव परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली कसे ओळखावेत : नव्याने शिकणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

गाय, म्हैस, मेंढी, घोडा, कुत्रा, मांजर किंवा कोंबडी यांच्या शरीरात राहणारे आदिजीव परजीवी एकपेशीय असतात, आणि त्यांच्यामुळे होणाऱ्या आजारांची ताप, रक्तक्षय, कावीळ, तांबडी लघवी, हगवण, गर्भपात ही लक्षणे इतर कितीतरी आजारांतही दिसतात. त्यामुळे निदानाचा बराचसा भार काचपट्टीवर येऊन पडतो. नवशिक्याला सर्वांत मोठा मोह होतो तो आधी आकृती पाहून पुस्तकातल्या चित्राशी जुळवण्याचा. तसे न करता नेत्रभिंगाला डोळा लावण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत : नमुना कोणत्या प्राण्याचा आहे, शरीराच्या कोणत्या भागातून घेतला आहे, आणि तो घेऊन किती वेळ झाला आहे. एवढ्या माहितीवर शेकडो शक्यतांपैकी मोजक्याच उरतात. पुढचे काम आकारमान, रूप आणि परजीवीचे नेमके स्थान यांच्या आधाराने होते.

आधी मोजपट्टी, मग परजीवी

आदिजीव ओळखताना आकारमानाला जेवढे महत्त्व आहे तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाला असेल, म्हणून सूक्ष्मदर्शकाचे अंशांकन हे पहिले काम समजावे. नेत्रभिंगात बसवलेल्या मोजपट्टीच्या खुणांना स्वतःचे ठरावीक मूल्य नसते. प्रत्येक वस्तुभिंगाबरोबर ते बदलते. यासाठी मंचावर ठेवायची प्रमाणित मोजपट्टी मिळते. तिच्यात एक मिलिमीटर लांबीचे शंभर समान भाग केलेले असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रॉनचा. दोन्ही पट्ट्यांच्या सुरुवातीच्या रेषा जुळवाव्यात आणि पुढे कोणत्या रेषा पुन्हा तंतोतंत जुळतात ते पाहावे. समजा, ४० पट भिंगाखाली नेत्रभिंगातील ४० भाग मंचावरील १० भागांशी जुळले, तर ४० भाग म्हणजे १०० मायक्रॉन आणि एक भाग म्हणजे २.५ मायक्रॉन. प्रत्येक वस्तुभिंगासाठी हे गणित एकदा करून त्याचा तक्ता सूक्ष्मदर्शकाजवळच चिकटवून ठेवावा. नेत्रभिंग बदलले तर हे गणित पुन्हा करावे लागते.

रक्तलेपात आणखी एक मोजपट्टी आयतीच मिळते, ती म्हणजे त्या प्राण्याची लाल रक्तपेशी. कुत्र्याची लाल पेशी सुमारे ७ मायक्रॉन व्यासाची, गाईची साधारण ५.५, मेंढीची ४.५ आणि शेळीची अवघी ३ ते ४ मायक्रॉनची असते. परजीवीने पेशीचा किती भाग व्यापला आहे हे पाहण्याची सवय लावावी. मात्र तेवढा भाग व्यापणारा परजीवी कुत्र्याच्या पेशीत मोठा असतो आणि शेळीच्या पेशीत लहान, हे विसरू नये.

प्रकाशाविषयी एकच सूचना पुरेशी आहे. रंगवलेला लेप तेल-भिंगाखाली (तेलाचा थेंब लावून वापरायचे १०० पट भिंग) पाहताना कंडेन्सर (मंचाखालचे प्रकाश एकवटणारे भिंग) वर आणि डायफ्रॅम (प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) उघडा ठेवावा. रंग न दिलेला ओला नमुना पाहताना मात्र डायफ्रॅम बराच मिटून घ्यावा किंवा कंडेन्सर खाली आणावा. ओल्या नमुन्यातील आदिजीव जवळजवळ पारदर्शक असतात आणि भरपूर प्रकाशात ते समोर असूनही दिसत नाहीत.

रक्तलेप

लाल पेशींतील परजीवींसाठी कानाच्या टोकावरील किंवा शेपटीच्या टोकावरील केशवाहिनीतले रक्त घ्यावे, कारण बबेसिया बोव्हिससारखे परजीवी सूक्ष्म केशवाहिन्यांत साचून राहतात आणि मानेच्या मोठ्या शिरेतल्या रक्तात अगदी विरळ असतात. कातडी अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडी होऊ द्यावी. ओल्या कातडीवरचा थेंब पेशी फोडतो. स्वच्छ काचपट्टीवर छोटा थेंब घेऊन दुसरी काचपट्टी सुमारे ३० ते ४५ अंशांच्या कोनात धरून एकाच, न थांबणाऱ्या हालचालीने लेप ओढावा. चांगल्या लेपाच्या टोकाला पेशींचा एकच थर असलेला, पिसासारखा विरळ होत जाणारा भाग दिसतो. लेप हवेत लगेच वाळवावा. रक्त गोठणरोधक घातलेल्या नळीत आणले असेल, तरी लेप शक्य तितक्या लवकर करावा, कारण साठवलेल्या रक्तात परजीवींचा आकार बिघडतो आणि ते गोल होऊन ओळखण्यापलीकडे जातात.

वाळलेला लेप शुद्ध मिथेनॉलमध्ये २ ते ३ मिनिटे स्थिर करावा. मिथेनॉलमध्ये पाणी शिरले असेल तर लाल पेशींत चकाकणारे ठिपके उमटतात आणि शिकाऊ डोळ्याला ते परजीवी वाटतात, म्हणून बाटलीचे झाकण उघडे राहू देऊ नये. त्यानंतर ७.२ सामू असलेल्या बफरमध्ये एकास दहा या प्रमाणात विरल केलेल्या गिम्सा रंगात लेप सुमारे ३० मिनिटे ठेवावा, हळुवार धुवावा आणि उभा करून वाळवावा. नीट रंगलेल्या लेपात परजीवीचे पेशीद्रव्य निळे आणि केंद्रक लालसर-जांभळे दिसते. या दोन रंगांची जोडी हीच आदिजीवाची पहिली खूण आहे. एकाच गडद जांभळ्या रंगाचा, भोवती निळे पेशीद्रव्य नसलेला ठिपका दिसला तर तो आदिजीव नसण्याचीच शक्यता जास्त.

लेप आधी १० पट भिंगाखाली सगळा फिरून पाहावा. ट्रिपॅनोसोमासारखे लांबट जीव आणि मोठ्या पांढऱ्या पेशी लेपाच्या कडांकडे आणि शेपटीकडे ढकलल्या जातात, त्यामुळे सुरुवात तिथून करावी. मग तेल-भिंगाखाली पेशींच्या एकेरी थरातली किमान शंभर क्षेत्रे तपासावीत. पहिला परजीवी दिसताच थांबण्याची घाई करू नये. एकाच जनावरात दोन वेगवेगळे रक्तपरजीवी असू शकतात आणि दुसरा बहुधा या घाईमुळेच निसटतो.

लाल पेशींच्या आत

गोवंशात बबेसिया बायजेमिना हा मोठ्या गटातला परजीवी आहे. त्याची नासपतीच्या आकाराची रूपे साधारण ४ ते ५ मायक्रॉन लांब असतात आणि जोडीने असताना त्यांची निमुळती टोके लघुकोनात जुळतात. बबेसिया बोव्हिस लहान, सुमारे २ मायक्रॉन लांबीचा असतो आणि त्याच्या जोडीतला कोन विशाल असतो. पुस्तकात हा फरक फार सोपा वाटतो. प्रत्यक्ष लेपात मात्र एकएकटी, गोल, लांबट, अर्धवट वाढलेली अशी अनेक रूपे दिसतात, म्हणून एखाद्या पेशीवरून जातीचे नाव देऊ नये; निदान वीस-पंचवीस बाधित पेशी पाहून, जोड्या मोजून मग ठरवावे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे : बबेसिया बोव्हिसमुळे जनावर अत्यवस्थ असतानाही परिघीय रक्तात एक टक्क्याहून कमी पेशी बाधित असू शकतात. जनावर गंभीर आजारी असेल आणि लेपात परजीवी विरळ असतील, तर लेपावर शंका घेण्याऐवजी आणखी क्षेत्रे तपासावीत. मेंदूचे विकार दाखवून मेलेल्या जनावरात मेंदूच्या करड्या भागाचा छोटा तुकडा दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून केलेला लेप या परजीवीसाठी रक्तलेपापेक्षा अधिक बोलका ठरतो.

कुत्र्यात याच धर्तीवर मोठा आणि लहान बबेसिया असे दोन गट पडतात. बबेसिया गिब्सोनी लहान असून बहुधा वलयाकार किंवा गोल दिसतो. मोठ्या गटातले बबेसिया कॅनिस, बबेसिया व्होगेली आणि बबेसिया रोसी हे तिन्ही रूपाने सारखेच असल्यामुळे अहवालात ‘मोठा बबेसिया’ एवढेच लिहिणे प्रामाणिक ठरते. जात ठरवायची असेल तर परजीवीच्या डीएनएवरून ओळख पटवणारी पीसीआर चाचणी करावी लागते. घोड्यात बबेसिया कॅबॅली मोठा, तर थायलेरिया इक्वाय लहान असतो. दुसऱ्याचे चार परजीवी एका पेशीत टोके जुळवून क्रुसाच्या आकारात बसलेले दिसले, तर ओळख जवळपास पक्की होते.

थायलेरिया अॅन्युलाटा लाल पेशीत फार लहान, १ ते २ मायक्रॉनचा असतो आणि बहुतांश रूपे वलयासारखी किंवा अंडाकृती असतात. थायलेरिया पार्व्हामध्ये दांडीसारखी रूपे जास्त आढळतात. येथे एक इशारा द्यायलाच हवा. आजारातून बऱ्या झालेल्या जनावरांच्या लाल पेशींत थायलेरिया दीर्घकाळ थोड्या संख्येने टिकून राहतो, म्हणून लाल पेशीतली तुरळक वलये म्हणजे आजचा आजार नव्हे. चालू आजाराचा पुरावा शोधण्यासाठी सुजलेल्या लसिका ग्रंथीतून सुईने द्रव काढून त्याचा लेप करावा. त्यात लसिका पेशींच्या आत, किंवा पेशी फुटल्यामुळे बाहेर सांडलेले, सरासरी ८ मायक्रॉनचे शायझाँट (परजीवीची अनेक केंद्रकांची, विभागत असलेली अवस्था) दिसतात : फिकट निळ्या पार्श्वभूमीवर लालसर-जांभळ्या केंद्रकांचे विखुरलेले कण. त्यांनाच कॉखचे निळे पिंड म्हणतात. माझ्या मते ज्याला थायलेरियाचे निदान शिकायचे आहे त्याने रक्तलेपापेक्षा ग्रंथीच्या लेपावर अधिक वेळ घालवावा.

आता फसवणाऱ्या गोष्टींकडे वळू. अॅनाप्लाझ्मा मार्जिनाले हा जीवाणू आहे, आदिजीव नव्हे. तो लाल पेशीच्या कडेला एक मायक्रॉनपर्यंतच्या गडद, गोल, एकसंध ठिपक्याच्या रूपात दिसतो आणि त्याला निळे पेशीद्रव्य नसते. रक्तक्षयातून सावरणाऱ्या जनावराच्या पेशींत हॉवेल-जॉली पिंड असतात. तेही गोल आणि गडद, पण पेशीत बहुधा एकच. रक्तकणिका (प्लेटलेट) लाल पेशीवर येऊन बसली की तिच्याभोवती फिकट कडा दिसते, आणि शेजारी पेशींबाहेर तशाच कणिका सापडतात. रंगाचे साके ओळखण्याची साधी रीत अशी : सूक्ष्म फिरकी किंचित फिरवावी, साका पेशीच्या वरच्या पातळीवर स्पष्ट होतो आणि चकाकतो, तर खरा परजीवी पेशीच्याच पातळीवर स्पष्ट होतो. कोंबडी आणि कबुतर यांच्या लाल पेशींना मुळातच केंद्रक असते, हे पक्ष्यांचे रक्त प्रथमच पाहणाऱ्याने आधी समजून घ्यावे. कबुतरातील हिमोप्रोटियस त्या केंद्रकाला वळसा घालून बसतो आणि त्याच्यात तपकिरी रंगद्रव्याचे कण असतात.

रक्तद्रवात पोहणारे

ट्रिपॅनोसोमासाठी ताज्या रक्ताचा ओला नमुना सर्वांत आधी पाहावा. थेंबावर आच्छादक काच ठेवून ४० पट भिंगाखाली पाहिल्यास परजीवीपेक्षा आधी त्याच्या धडकांनी हलणाऱ्या लाल पेशी नजरेत येतात. रक्त गरम उन्हात राहिले किंवा काही तास उलटले, तर ही हालचाल थांबते. परजीवी थोडे असतील तर रक्त सूक्ष्म नळीत भरून सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटे फिरवावे आणि पांढऱ्या पेशींचा थर व रक्तद्रव जेथे मिळतात ती जागा १० पट भिंगाखाली पाहावी. ट्रिपॅनोसोमा तिथे गोळा होतात. ओल्या नमुन्यात ‘आहे’ एवढे कळते, जात रंगवलेल्या लेपातच ठरते.

लेपात चार गोष्टी पाहाव्यात : लांबी, कायनेटोप्लास्टचे (केंद्रकाहून वेगळा, गडद रंगणारा डीएनएचा ठिपका) आकारमान व जागा, लहरी पटल (अंगालगतचा लाटांसारखा हलणारा पातळ पडदा) किती ठळक आहे, आणि पुढे मोकळी कशाभिका (चाबकासारखा तंतू) आहे की नाही. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी साधारण २४ मायक्रॉन लांब, ठळक लहरी पटलाचा व मोकळ्या कशाभिकेचा असून त्याचा कायनेटोप्लास्ट लहान आणि मागच्या टोकाच्या थोडा अलीकडे असतो. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये पंजाबात सर्रा (याच परजीवीमुळे होणारा आजार) झालेल्या घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात तो प्रथम पाहिला. ट्रिपॅनोसोमा व्हायव्हॅक्सचे मागचे टोक गोलसर असते आणि मोठा कायनेटोप्लास्ट अगदी टोकाला असतो. ट्रिपॅनोसोमा काँगोलेन्स आखूड असून त्याला मोकळी कशाभिका नसते आणि कायनेटोप्लास्ट कडेला सरकलेला असतो. गाईच्या रक्तात ६० मायक्रॉन किंवा त्याहून लांब, दोन्ही टोकांना निमुळता ट्रिपॅनोसोमा दिसला तर तो बहुधा ट्रिपॅनोसोमा थायलेरी असतो (थायलेरियाशी याचा संबंध नाही). हा सामान्यतः निरुपद्रवी असून केवळ त्याच्या आकारमानामुळे नवशिक्याला सर्वांत भीतिदायक वाटतो. मोजपट्टी वापरली की हा गैरसमज होत नाही.

पांढऱ्या पेशींतले परजीवी थोडक्यात सांगता येतात. कुत्र्याच्या न्यूट्रोफिल पेशीत केंद्रकाला बाजूला सारून बसलेला, सुमारे ११ मायक्रॉन लांब व ४ मायक्रॉन रुंद लंबगोल पिंड म्हणजे हिपॅटोझून कॅनिस. लिशमानियासाठी कुत्र्याच्या लसिका ग्रंथीचा किंवा अस्थिमज्जेचा लेप लागतो. मॅक्रोफेज पेशीत २ ते ५ मायक्रॉनचे अंडाकृती जीव असतात आणि प्रत्येकात गोल केंद्रकाशेजारी दांडीसारखा कायनेटोप्लास्ट असतो. ही दांडी दिसल्याशिवाय लिशमानिया हे नाव लिहू नये.

शेण व विष्ठा

नमुना शक्यतो गुदाशयातून थेट घ्यावा. जमिनीवरून उचललेल्या नमुन्यात मातीतले मुक्त आदिजीव शिरतात. हातमोजे नेहमी घालावेत, कारण टॉक्सोप्लाझ्मा, क्रिप्टोस्पोरिडियम, जिआर्डिया आणि बॅलँटिडियम यांचा संसर्ग माणसालाही होतो.

पातळ विष्ठा असेल तर पहिली काचपट्टी कोमट मीठपाण्यातली करावी, म्हणजे जिवंत ट्रोफोझोइटची (आदिजीवाची हिंडणारी, खाणारी अवस्था) हालचाल दिसेल. आयोडीनची काचपट्टी वेगळी करावी, कारण आयोडीन त्यांना मारते पण केंद्रके ठळक करते. जिआर्डियाचा ट्रोफोझोइट नासपतीच्या आकाराचा, दोन केंद्रकांचा असतो आणि गळून पडणाऱ्या पानासारखा हेलकावत जातो. त्याचा सिस्ट (कवचातली, न हलणारी अवस्था) ८ ते १२ मायक्रॉन लांबीचा, अंडाकृती असतो. तो तरंगण पद्धतीने शोधायचा तर १.१८ विशिष्ट गुरुत्वाचे झिंक सल्फेटचे द्रावण वापरावे. संपृक्त मिठाच्या द्रावणात हा सिस्ट आक्रसून विद्रूप होतो. जिआर्डिया रोज बाहेर पडत नाही, म्हणून काही दिवसांच्या अंतराने तीन नमुने तपासावेत. मांजराच्या पातळ विष्ठेत भराभर, झटके देत पुढे जाणारा जीव दिसला, तर तो जिआर्डिया नसून ट्रायट्रायकोमोनास असण्याचा विचार करावा.

डुकराच्या विष्ठेत ५० मायक्रॉनहून मोठा, अंगभर केसल (केसांसारखे सूक्ष्म तंतू) असलेला आणि मूत्रपिंडाच्या आकाराचे मोठे केंद्रक असलेला बॅलँटिडियम सहज ओळखता येतो. अडचण ओळखण्याची नाही, अर्थ लावण्याची आहे, कारण निरोगी डुकरांतही तो सर्रास असतो. त्याचप्रमाणे रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील द्रवात पोहणारे मोठमोठे केसलधारी आदिजीव पचनाला मदत करतात. त्यांना परजीवी म्हणणे चूक आहे.

कॉक्सिडिया या आतड्यातील आदिजीवांच्या गटाचे ऊसिस्ट (विष्ठेतून बाहेर पडणारी कवचधारी अवस्था) संपृक्त मिठाच्या किंवा साखरेच्या द्रावणात तरंगवून शोधावेत. ताज्या विष्ठेत त्यांच्या आत एकच गोळा असतो आणि त्यावरून प्रजाती ठरत नाही. पेट्री डिशमध्ये २.५ टक्के पोटॅशियम डायक्रोमेटच्या पातळ थरात, खोलीच्या तापमानाला, हवा लागेल असे ठेवून रोज तपासावे. काही दिवसांत आतली रचना तयार होते. हे रसायन विषारी आहे, तेव्हा ते कातडीला लागू देऊ नये. तयार ऊसिस्टमध्ये चार स्पोरोसिस्ट (आतल्या पिशव्या) आणि प्रत्येकात दोन स्पोरोझोइट (संसर्ग करणारे लांबट जीव) असतील तर आयमेरिया; दोन स्पोरोसिस्ट आणि प्रत्येकात चार स्पोरोझोइट असतील तर सिस्टोआयसोस्पोरा किंवा त्याच रचनेचा टॉक्सोप्लाझ्मा. कुत्र्याच्या विष्ठेत आयमेरिया आढळला तर कुत्रा आजारी आहे असे समजू नये. त्याने सशाची किंवा शेळीची विष्ठा खाल्लेली असते आणि ते ऊसिस्ट त्याच्या आतड्यातून नुसतेच पार झालेले असतात.

वासरातील दोन घातक जाती मोजून वेगळ्या करता येतात : आयमेरिया झुर्नीचा ऊसिस्ट जवळजवळ गोल, १५ ते २२ मायक्रॉनचा, तर आयमेरिया बोव्हिसचा अंडाकृती, २३ ते ३४ मायक्रॉन लांब असतो. निरोगी वासरांतही थोडे ऊसिस्ट सापडतात आणि उलट रक्ती हगवण ऊसिस्ट दिसण्याआधीच सुरू होऊ शकते, म्हणून संख्येचा अर्थ लक्षणांबरोबरच लावावा. कोंबडीत तर विष्ठेपेक्षा शवविच्छेदनात आतड्याच्या अस्तराचे खरवडे तपासणे अधिक उपयोगी. आयमेरिया टेनेला सीकममध्ये (अंधनाल) विकार करतो; आयमेरिया निकॅट्रिक्सचे मोठे शायझाँट आतड्याच्या मधल्या भागात असतात, पण त्याचे ऊसिस्ट सीकममध्ये तयार होतात. त्यामुळे खरवडा कोणत्या भागातला आहे, हे काचपट्टीवर लिहिलेले नसेल तर तपासणी निरर्थक होते.

मांजराच्या विष्ठेत १० ते १२ मायक्रॉनचे गोल ऊसिस्ट दिसले तर ते टॉक्सोप्लाझ्माचे समजून खबरदारी घ्यावी, जरी हॅमंडियाचे ऊसिस्ट हुबेहूब तसेच असतात. सिस्टोआयसोस्पोरा फेलिसचा ऊसिस्ट सुमारे ४० मायक्रॉनचा असल्याने गोंधळ होण्याचे कारण नाही.

क्रिप्टोस्पोरिडियम या सर्वांत लहान : ४ ते ६ मायक्रॉन. हगवण लागलेल्या कोवळ्या वासरांत तो मुद्दाम शोधावा लागतो. विष्ठेचा पातळ लेप सुधारित झील-नील्सन पद्धतीने रंगवल्यास हिरव्या किंवा निळ्या पार्श्वभूमीवर लालबुंद गोल ऊसिस्ट दिसतात. आकाराने तसेच असणारे यीस्ट लाल रंग धरून ठेवत नाही, आणि ओल्या नमुन्यात त्याला कळ्या फुटलेल्या दिसतात.

जननमार्गाचे नमुने

ट्रायट्रायकोमोनास फीटससाठी वळूच्या शिस्नावरणाचे धुवण घेतात. ते थंड होऊ न देता लवकर तपासावे. १० ते २५ मायक्रॉनचा, पुढे तीन कशाभिका आणि बाजूला लहरी पटल असलेला, झटके देत गोल फिरणारा जीव शोधावा. नमुना शेणाने दूषित झाला असेल तर आतड्यातले दुसरे ट्रायकोमोनास अगदी असेच दिसतात, म्हणून असा नमुना नाकारून नवा मागवावा. एका नमुन्यावर वळूला निर्दोष ठरवू नये. आठवड्याच्या अंतराने तीन नमुने आणि संवर्धन (प्रयोगशाळेत पोषक द्रवात जीव वाढवून पाहणे) आवश्यक आहे.

अहवाल लिहिताना

अहवालात प्राणी, नमुन्याचा प्रकार, नमुना घेतल्याची व तपासल्याची वेळ, रंगपद्धत, तपासलेली क्षेत्रे, आढळलेले रूप आणि त्याचे मोजमाप एवढे सगळे यावे. जातीची खात्री नसेल तर गटाचे नाव लिहावे. काहीच आढळले नाही तर ‘परजीवी नाही’ असे न लिहिता ‘या नमुन्यात, इतक्या क्षेत्रांत, परजीवी आढळला नाही’ असे लिहावे, आणि औषध आधीच दिलेले असेल तर त्याची तारीखही नोंदवावी, कारण उपचारानंतर परजीवी रक्तातून झपाट्याने कमी होतात आणि उरलेले विद्रूप दिसतात. शंकास्पद काचपट्टी तेल पुसून, नाव-तारीख कोरून, प्रकाशापासून दूर पेटीत ठेवावी, म्हणजे पीसीआरचा निकाल आल्यावर किंवा अनुभवी व्यक्ती भेटल्यावर तीच काचपट्टी पुन्हा भिंगाखाली घेता येते.